गावपळणीतलं बुकिंग

"अहो... निळ्या बॅगवाले, पुढे जाऊ नका."

जान्हवीनं व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडून ही हाक मारली तेव्हा तिच्या एका हातात अर्धवट साफ केलेला बांगडा होता आणि दुसऱ्या हातात सुरी. प्रेमकथेच्या नायिकेनं पहिल्या भेटीत असं दिसू नये, हे मान्य. पण वेळच तशी होती. पलीकडच्या काठानं एक तरुण पाठीवर बॅग टाकून खुशाल त्यांच्या गावात हिंडत होता, आणि खाजणवाडीत त्या दिवशी माणूस काय, कोंबडीसुद्धा असायची नव्हती.

तो थांबला, वळला. आधी त्यानं सुरीकडे पाहिलं, मग बांगड्याकडे, मग तिच्याकडे... आणि तिथं त्याची नजर जरा जास्तच रेंगाळली.

"गावात कुणीच नाहीये," तो म्हणाला, जणू ही बातमी तिला ठाऊकच नव्हती.

"कसे असतील? आम्ही सगळे इकडे आहोत."

"सगळे?"

"माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. तुम्हीच तेवढे तिकडे राहिलात. साकवावरून या इकडे."

"तुम्हीच या ना. मला एक घर शोधायचंय, दाखवायला कुणीतरी हवं."

"मला यायला देवाची मनाई आहे," जान्हवी म्हणाली आणि तो नुसताच पाहत राहिला, तेव्हा तिला हसू आवरेना. "गावपळण आहे हो. तुम्हाला ठाऊक नाही?"

त्याला कुठून ठाऊक असणार? खाजणवाडीत दर काही वर्षांनी गावच्या देवाला कौल लावतात. देवानं होकार दिला की गाव तीन दिवस रिकामं करायचं. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची, गुरंढोरं हाकत वेशीबाहेर जायचं आणि व्हाळापलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या बांधून राहायचं. तीन दिवस गाव देवाचं. मग पुन्हा कौल घ्यायचा, आणि तो म्हणाला तर परतायचं. कारण कुणी विचारत नाही. तीन दिवस शेजाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायला मिळतं, ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे.

तरुण साकवाचा छोटा लाकडी पूल ओलांडून आला. जवळून तो जास्त थकलेला आणि थोडा जास्तच देखणा दिसत होता. खिशातून घडी घातलेला कागद काढत म्हणाला, "माझं बुकिंग आहे. जान्हवी म्हणून कुणीतरी आहेत, त्यांच्या घरी."

जान्हवीच्या हातातला बांगडा निसटून गवतात पडला.

झालं होतं असं. साल होतं दोन हजार नऊ. जान्हवीनं घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी सजवल्या होत्या. इंटरनेट म्हणजे जवळच्या कट्टा गावच्या बाजारातला तिच्या मैत्रिणीचा, दिव्याचा सायबर कॅफे. तिथं जाऊन ती मेल बघायची, उत्तरं द्यायची. पुण्याच्या स्वरूप नावाच्या माणसाला तिनं 'जरूर या' असं कळवलं, आणि त्यानंतर देवानं गावपळणीची तारीख दिली. मुंबईचे चाकरमानी, दिलेल्या मुली, सोयरेधायरे यांना अशी बातमी आपोआप कळते. ती कुणाला कळवावी लागते हे गावात कधी कुणाला सुचलंच नव्हतं. जान्हवीलाही नाही.

ती कानापर्यंत लाल झाली. "मीच जान्हवी," म्हणाली. मग घाईघाईनं माफी मागून तिनं मालवणात चांगल्या लॉजवर सोय करते, रिक्षा बोलावते, असं बरंच काही सांगितलं. तेवढ्यात तिचे वडील, ज्यांना सगळा गाव आणि घरसुद्धा भाई म्हणतं, जाळं खांद्यावर टाकून तिथं आले. त्यांनी पाहुण्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पावणो आपल्या नावान इलो, म्हणजे तो आपलो. लॉजार कित्याक जातलो?" एवढं बोलून ते पुढे गेले. झाला निर्णय.

स्वरूपची सोय पुरुषांच्या झोपडीत झाली आणि संध्याकाळी चुलीपाशी पेज पिताना त्यानं स्वतःच आपलं काम सांगून टाकलं. तो प्रवासाच्या एका वेबसाइटसाठी काम करत होता. लोक तिथं हॉटेलांबद्दल अभिप्राय लिहायचे, चांदण्या द्यायचे, आणि दर वर्षी त्यातून उत्तम घरगुती निवासाचा पुरस्कार निघायचा. यंदा जान्हवीचं घर शेवटच्या तीन घरांत होतं. ते स्वतः राहून बघायला तो आला होता.

"खरं म्हणजे आम्ही हे सांगत नाही," तो म्हणाला. "पण जे घर बघायला आलो तेच बघता येत नाही म्हटल्यावर लपवायचं काय?"

जान्हवीनं मान हलवली. या पुरस्काराची ती किती वाट बघत होती, हे त्याला कुठं माहीत होतं? तिचा भाऊ शिवा गोव्यात एका मोठ्या हॉटेलात होता. त्यानं तिच्यासाठी तिथं रिसेप्शनवर नोकरी बघून ठेवली होती. भाईंनी तिला हा एक मोसम दिला होता. खोल्या चालल्या तर ठीक, नाहीतर नवीन वर्षाला गोवा. आणि खोल्या काही फारशा चालत नव्हत्या. पुरस्कार मिळाला तर पर्यटक येतील, पर्यटक आले तर ती इथं राहील... तिचं सगळं नशीब आता या पेज पिणाऱ्या माणसाच्या हातात होतं, आणि त्या माणसाच्या हनुवटीला पेजेचं शीत चिकटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कंबर कसली. त्याच्यासाठी चहा वेगळा, कप-बशीत. पाणी गाळून. चटईवर धुतलेली चादर. 'सर, आणखी काही लागलं तर सांगा,' असं तिनं दिव्याकडून ऐकलेल्या सुरात म्हटलं तेव्हा तिच्या आईला, विमलाला, राहवेना.

"गो, त्या झिलाक सरळ जेवूक दी," ती म्हणाली. "हाटेलासारख्या कित्या करतंस?"

स्वरूपला शब्द कळले नसावेत, पण पोराला सुखानं जेवू दे हा सूर कळला. तो खाली मान घालून हसत होता. आई वळल्यावर हळूच म्हणाला, "मार्क वाढवायचं चाललंय का?"

"तुम्ही देणार असाल तर वाढवते."

"सर म्हटल्याचे कापलेत."

"मग काय म्हणू?"

"काल 'निळ्या बॅगवाले' म्हणालात, ते बरं होतं."

जान्हवीनं कप-बशी उचलली आणि दुपारी त्याला सगळ्यांबरोबर पत्रावळीवर वाढलं. त्यानं दोनदा भात मागून घेतला. खोबरं खवायला बसला आणि बोटही खवून घेतलं. तिनं चिंधी बांधली. बांधताना दोघंही बोटाकडेच बघत राहिली, आणि गाठ मारून झाल्यावरही हात लगेच सुटला नाही.

ओहोटीला बायका कालवं, म्हणजे खडकांना चिकटलेले शिंपले, काढायला खाडीत निघाल्या. स्वरूपही मागोमाग आला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात पाय रोवताना तो दर दोन पावलांना कलंडायचा आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. जान्हवीनं त्याला खडकावर बसवलं आणि स्वतः त्याच्या पायाशी कालवं फोडत राहिली. ऊन मऊ होतं. खाडीचं पाणी कडेकडेनं हलत होतं. तिथं तिनं मनात कधीचा घोळणारा प्रश्न विचारला. लोक त्या वेबसाइटवर लिहितात, ते किती खरं असतं?

"लिहिताना लिहिणाऱ्याचं पोट जितकं भरलेलं असेल तितकं," तो म्हणाला. मग गंभीर झाला. त्यानं एका हॉटेलाची गोष्ट सांगितली. स्वागतकक्षाच्या भिंतीवर पुरस्कारांच्या फ्रेमा, आणि नळाला गढूळ पाणी. पुरस्कार देणाऱ्या संस्थेचा पत्ता शोधत गेला तर तो हॉटेलमालकाच्या मेहुण्याचा निघाला. आणि उलटही व्हायचं. पावसानं सहल बुडाली म्हणून लोक बिचाऱ्या खानावळीला एक चांदणी देऊन मोकळे व्हायचे.

"मग वाचणाऱ्यानं भरवसा ठेवायचा कशावर?"

"बारीकसारीक गोष्टींवर. सगळंच छान, स्वर्ग, अविस्मरणीय असं लिहिलं असेल, तर तो माणूस बहुतेक तिथं गेलेलाच नसतो. तुमच्याबद्दल सांगलीच्या एका आजोबांनी लिहिलंय. न्हाणीघर अंगणापलीकडे आहे, कोंबडा उजाडायच्या आधीच ओरडतो, आमटी तिखट असते. आणि शेवटी लिहिलंय, निघताना आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते आम्हालाही कळलं नाही. ते वाचून मी तुमचं घर निवडलं."

जान्हवीला त्या आजी आठवल्या. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून ती रोज संध्याकाळी तेल लावून द्यायची. हे कुणी लिहिलं नव्हतं, आणि लिहायला हवं होतं असं तिला वाटलंही नव्हतं.

"आणि तुमच्या पुरस्कारावर किती भरवसा ठेवायचा?" तिनं विचारलं.

"माझ्यावर किती ठेवता, ते आधी ठरवा."

तिनं वर पाहिलं. तो चेष्टेत बोलला होता, पण डोळे चेष्टेत नव्हते. जान्हवीचा दगड कालवावर पडायचा तो खडकावर पडला. मग त्यानं पुढचं बोलणं सहज म्हणून काढलं. दोन अभिप्राय जरा विचित्र वाटले, म्हणाला. एकात लिहिलं होतं, समुद्राकडे तोंड केलेल्या प्रशस्त खोल्या. दुसऱ्यात खासगी किनारा. "तुमचं घर तर खाडीकडे आहे ना?"

"हो," जान्हवी म्हणाली आणि एकदम कालवं गोळा करायला लागली.

ते दोन्ही दिव्यानं लिहिले होते. उन्हाळ्यात, कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. लिहिताना दोघी पोट धरून हसल्या होत्या. 'खासगी किनारा' हा शब्द तर जान्हवीनंच सुचवला होता. सगळेच असं करतात, दिव्या म्हणाली होती, आणि जान्हवीला ते पटलंही होतं. आता मात्र ती टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालत होती आणि मागून त्याची चिखलातली पावलं ऐकू येत होती... सांगावं, तर गोवा. न सांगावं, तर पुरस्कार. पण मग या माणसाच्या डोळ्यांना डोळा कसा द्यायचा? तिला आपलाच राग आला. तीन दिवसांच्या पाहुण्यासाठी इतकं कशाला जिवाला लावून घ्यायचं? हा प्रश्न तिनं मनाला वाटभर विचारला आणि मनानं उत्तर दिलं नाही, म्हणजे उत्तर काय ते कळलंच.

तिसऱ्या दिवशी माळावर नुसती धमाल होती. पोरी फुगड्या घालत होत्या, म्हातारे भजनाचे अभंग आळवत होते. स्वरूपला आता अख्खा माळ नावानं ओळखत होता. भाईंनी त्याला जाळ्याची गाठ शिकवली, त्यानं ती चुकवली, भाईंनी पुन्हा शिकवली. एरवी भाई कुणाला एकच गोष्ट दोनदा सांगत नाहीत. विमलानं ते पाहिलं आणि लेकीकडेही पाहिलं. आयांना असलं काही वाचायला कॉम्प्युटर लागत नाही.

उन्हं कलल्यावर जान्हवी घागर घेऊन व्हाळावर आली. तो साकवाच्या कठड्याला टेकून पलीकडच्या सुन्या गावाकडे बघत होता.

"उद्या कौल मिळाला की घर बघता येईल तुम्हाला," ती म्हणाली.

"हं."

"स्वरूप... त्याआधी एक सांगायचंय." तिनं घागर खाली ठेवली. एकदा उचलली, परत ठेवली. "ते दोन अभिप्राय खोटे आहेत. माझ्या मैत्रिणीनं लिहिले. मला माहीत होतं... मीसुद्धा बसले होते शेजारी. खासगी किनारा मीच सुचवला."

त्यानं कठड्यावरून खाली पाहिलं. व्हाळाचं पाणी तेवढं वाहत होतं. जान्हवीला वाटलं, संपलं. पुरस्कार गेला, घर गेलं, आणि हा माणूसही. पण डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं तिला मोकळं वाटत होतं, आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

"खोटे अभिप्राय सापडले की नाव यादीतून जातं," तो अखेर म्हणाला. "आमचा तसा नियमच आहे."

"माहीत आहे. म्हणजे... वाटलंच होतं."

"तरीही सांगितलंत?"

"तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवून लिहिणार होतात."

स्वरूप हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "मला संशय होता, जान्हवी. तुमची मेल, ते दोन अभिप्राय, सगळं एकाच सायबर कॅफेतून आलंय, हे मी येण्याआधीच पाहिलं होतं. आणि काल रात्रीपासून मी ठरवत होतो की ते अहवालात लिहायचं नाही. गाळून टाकायचं. कुणाला कळलंही नसतं." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मी या कामात असं कधी केलं नाही. मेहुण्याच्या पत्त्यावरून पुरस्कार देणाऱ्यांना मी हसायचो. आता माझ्यात आणि त्या मेहुण्यात काय फरक राहिला?"

"पण... का गाळणार होतात?"

तेवढ्यात वर माळावरून कुणीतरी जान्हवीला हाक मारली आणि तिला जावं लागलं. पाणी न भरताच ती घागर घेऊन परत आली, यावरून विमलानं काय ओळखायचं ते ओळखलं.

सकाळी देवानं कौल दिला. ढोल वाजला आणि गाव गावात निघालं. गुरं सगळ्यांत आधी, त्यांना कौलाची काय पडलेली. जान्हवी कोंबड्यांची डालगी घेऊन चालत होती. स्वरूप पाठीवर बॅग घेऊन मागे राहिला होता. त्याची एसटी दुपारची होती. साकवापाशी तो थांबला आणि म्हणाला की त्याचं काम आता संपलं. अहवालात तो जे आहे ते लिहिणार होता. दोन अभिप्रायांचं, आणि हेही की या घराबद्दल मत द्यायला तो स्वतः लायक राहिला नाही.

"म्हणजे घर न बघताच जाणार?" जान्हवीनं विचारलं.

"बघायला येऊ?"

"या."

बंद घराचा तीन दिवसांचा गारवा दार उघडताच अंगावर आला. विमला चुलीपाशी गेली, भाई जाळी ठेवायला परसात. जान्हवीनं मागची खोली उघडली. शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात माठ, खिडकीतून खाडी. फारसं काही नव्हतं. तरी तिनं माठावरचं झाकण उगाच सरळ केलं.

"ही ती खोली. आता खरं सांगा, कशी आहे?"

"मला सांगता येणार नाही."

"एवढी वाईट आहे?"

"तसं नाही." तो दारातच उभा होता, बॅग अजून पाठीवर. "पाहुणा असतो तर सांगितलं असतं. परीक्षक असतो तर मार्क दिले असते. काल तुम्ही विचारलंत, का गाळणार होतात. तुम्ही गोव्याला जाऊ नये म्हणून. तुमच्या आईनं सांगितलं मला नोकरीचं. तुम्ही इथं असावं आणि मला पुन्हा यायला कारण असावं, म्हणून. मी तुमच्या प्रेमात पडलोय, जान्हवी. असल्या माणसाच्या मतावर कुणी विश्वास ठेवू नये."

जान्हवी खिडकीकडे वळली. खाडीत कुणाची तरी होडी निघाली होती. परसातून भाईंचा आवाज आला. शिवाचा फोन आला होता, तिकडे उत्तर द्यायचं होतं, काय सांगू?

तिच्या मनात हिशोब स्वच्छ होता. पुरस्कार नव्हता. पर्यटकांची रीघ लागणार नव्हती. ती काल खोटं झाकून राहिली असती तर भाईंनी आनंदानं होकार दिला असता; आता तो मागून घ्यावा लागणार होता, हातात काहीही नसताना. तिनं खोलीतूनच आवाज चढवला.

"भाई, दादाक सांगा, मी गोव्याक जावचंय नाय."

"बक्षीस गावला काय?"

"नाय गावला. ह्या वर्सा मिळाचा पण नाय. तरी मी हयच रवतलंय."

 परसात भाईंचं जाळं झटकणं सुरू झालं. "मोसम खंय संपलो अजून," ते म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात.

जान्हवीचे डोळे भरून आले. पाहुण्यांशी ती नेहमी शाळेतल्यासारखं नेटकं बोलायची; तीन दिवस त्याच्याशीही तसंच बोलली होती. आता ती वळली, आणि घरात बोलतात तशी बोलली.

"तू माका आवडतंस," ती म्हणाली. "गाडी दुपारची मां? मगे बॅग कित्याक घेवन उभो रवलंस? जेवक ये."

त्यानं बॅग खाली ठेवली. सगळे शब्द त्याला समजले नसतील, पण जे समजायचं ते समजलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या घरात पाहुण्यांची पानं पडवीत मांडतात. खाडीचा वारा येतो, बसायला बरं वाटतं. घरची माणसं आत, चुलीपुढे. विमलानं सवयीनं पडवीत पाट टाकला होता. जान्हवीनं तो उचलला, आत नेला आणि भाईंच्या पाटाशेजारी ठेवला. भाईंनी पाटाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, दारात घुटमळणाऱ्या स्वरूपकडे पाहिलं. मग आपला पाट जरा बाजूला सरकवून त्यांनी जागा करून दिली.